जीर्णोद्धाराचे पुण्य

माघ-फाल्गुनाच्या दिवसांत वाई नगरीत कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला की कृष्णेचा एकेक घाट पाळीपाळीने जागा होतो. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह या आळ्यांचे मांडव उभे राहतात, कीर्तने रंगतात, पंगती उठतात. अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून कृष्णामाईस बोललेल्या नवसातून हा उत्सव निघाला, असे परंपरा सांगते. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो कोणा एका देवळाचा नाही. तो आळ्यांचा आहे. आणि आळी म्हणजे तिच्यातील घरे, ओसऱ्या, चौक आणि तेथे नांदणारी माणसे. म्हणूनच त्या आळ्यांतील जुने वाडे एकामागून एक भुईसपाट होत असता, उत्सवाच्या निमित्ताने त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

वाईचे रूप मुख्यतः अठराव्या शतकात घडले. गोपिकाबाईंचे माहेर असलेल्या रास्ते घराण्याने येथे घाट बांधले, मंदिरे उभारली. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील भिंत मत्स्याकार निमुळती आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा, हा तिचा हेतू. जवळच मेणवलीस नाना फडणवीसांचा वाडा व घाट आहे. नदीचा स्वभाव ओळखून, तिच्याशी जुळवून घेत बांधणाऱ्यांची ही नगरी होय.

यांपैकी मंदिरे टिकली, कारण तेथे नित्य पूजा चालते, दिवा लागतो, गळके छप्पर कोणाच्या तरी दृष्टीस पडते. वाड्यांच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब, कडीपाट, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती ही रचना दोनशे वर्षे सहज उभी राहते. परंतु तिला एकच शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. एक कौल सरकते, तुळईचे भिंतीतील टोक भिजते, कुजते आणि मग अवघा मजला कलतो. वरून सिमेंटचा गिलावा केला तर भिंतीतील ओल आतच कोंडते. वाडा वार्धक्याने पडत नाही, हेळसांडीने पडतो.

तथापि, मालकांना दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. एका वाड्याचे वारस दहा ठिकाणी विखुरलेले, भाडेकरूंचे भाडे नाममात्र, सागाचे मोल आवाक्याबाहेर आणि लाकूडकाम जाणणारा सुतार शोधूनही सापडत नाही. भिंत खचली की धोकादायक इमारतीची नोटीस येते. माणसाचा जीव वास्तूहून मोलाचा आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न इतकाच की, अशा प्रत्येक वेळी पाडणे हाच एक उपाय का समजला जावा? रोग्यास वैद्य दाखविण्यापूर्वीच तिरडी बांधण्याचा हा प्रकार झाला.

आपल्या परंपरेने नवे देऊळ बांधण्याहून जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्यप्रद मानला आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार करावयाचा, विनाश नव्हे, हे त्या शब्दातच स्पष्ट आहे. आज मात्र जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव दगडावर तैलरंग फासला जातो, चकचकीत फरश्या बसविल्या जातात. आणि राहत्या घरांना तर हा शब्द कोणी लावीतच नाही. ज्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या वेदपाठ झाले, तिचे मोल देवळाच्या सभामंडपाहून कमी कसे?

कायद्याचे साधन अगदीच नाही, असे नाही. मुंबईने १९९५ मध्ये वारसावास्तूंच्या जतनाचे नियम केले. डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीतही अशा जतनाची तरतूद आहे. परंतु गावाने आपल्या वास्तूंची यादी करून ती मंजूर करून घेतल्याखेरीज ही कलमे कागदावरच राहतात. यादीत नसलेला वाडा कायद्याच्या लेखी केवळ जुने बांधकाम असतो. तेव्हा लहान शहरांच्या नगरपालिकांनी प्रथम ही यादी करावी, दुरुस्ती करणाऱ्या मालकास घरपट्टीत सवलत द्यावी आणि पाडण्याचा हुकूम देण्यापूर्वी जुन्या बांधणीच्या जाणकाराचा अभिप्राय घ्यावा.

पण सारेच सरकारवर सोपवून चालणार नाही. कृष्णाबाईचा उत्सव आटोपतो, तेव्हा मृगाला काही महिने अवकाश असतो. कौले चाळून छपरे शाकारण्याचा काळ तोच. प्रत्येक आळीने उत्सवाच्या वर्गणीतील एक वाटा बाजूस काढून दरसाल आपल्या आळीतील एका वाड्याचे छप्पर पावसापूर्वी नीट करून दिले, तर त्यास फार मोठे धन लागणार नाही. पंगतीस हजारो पाने वाढणाऱ्या आळ्यांना हे अशक्य नाही. मांडव दरवर्षी नवा घालता येतो. ज्या आळीच्या नावाने तो घालावयाचा, ती आळी मात्र एकदा गेली की पुन्हा उभारता येणार नाही. कृष्णामाईच्या चरणी यंदा हाच नवस बोलला जावो.