कपाटाला कुलूप कशासाठी?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या टेबलावर एक निवेदन येऊन पडले. खाली सात कुटुंबप्रमुखांच्या सह्या होत्या. मजकूर मोजका, भाषा अदबीची. धर्मग्रामाच्या वाचनालयाला एका दिवंगत शिक्षकांच्या कुटुंबीयांनी त्यांचा ग्रंथसंग्रह दिला. त्यात प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. कॉलेजात जाणारी मुलेमुली त्या घरी नेतात आणि रात्री जागून वाचतात. सबब त्या कपाटाला कुलूप लावावे व किल्ली फादरांनी आपल्याजवळ ठेवावी, अशी विनंती होती. सह्या करणारे आमच्या चांगल्या परिचयाचे. चर्चचे काम असो की कुणाच्या घरचे मर्तिक, सर्वांआधी धावून येणारी ही माणसे. त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही ती विनंती आम्ही मान्य केलेली नाही, आणि नकाराची कारणे सर्वांसमक्ष मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

किल्ली मात्र आम्ही मागून घेतली. ज्या पुस्तकांवर आक्षेप होता ती एकेक करून खोलीवर नेली आणि पावसाळाभर वाचून काढली. यामागे एक जुनी टोचणी आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, नव्या दीक्षेच्या उत्साहात, सहाय्यक धर्मगुरू असताना अशाच एका कपाटातील कादंबऱ्या आम्ही रद्दीवाल्याच्या तराजूत घातल्या होत्या. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभी राहिली. "फादर, तुम्ही त्यातलं एक तरी पुस्तक वाचलं होतं का?" एवढेच तिने विचारले. आम्ही तिला विनयशीलतेवर चार शब्द सुनावले आणि वाटेला लावले. खरे उत्तर 'नाही' असे होते. शिवाय, सेमिनरीत असताना तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथाआड बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' लपवून वाचणारे आम्हीच होतो, हेही त्या वेळी आम्ही सोयीस्करपणे विसरलो.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. 'या पुस्तकांत पाप दाखवले आहे,' असे निवेदनकर्ते म्हणतात. दाखवले आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण पाप दाखवणे हाच गुन्हा ठरवला तर हाती काय उरते? १९६२ च्या एका दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक निर्दोष सुटला. लैंगिक विषयाचा नुसता उल्लेखही अश्लील मानला, तर तरुणांना निव्वळ धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचताच येणार नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने त्या वेळी नोंदवले. न्यायमूर्तींच्या विधानाला आम्ही नम्रपणे एक पुस्ती जोडू इच्छितो. त्या कसोटीवर धार्मिक ग्रंथही टिकणार नाहीत! दावीद राजा गच्चीवरून परस्त्रीला पाहतो, तिला बोलावून घेतो आणि तिच्या नवऱ्याला रणांगणावर मारवतो, ही कथा कुणा रहस्यकथाकाराची नाही. ती शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे आणि वेदीवरून वाचली जाते.

त्या कथेचा पुढचा भाग आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. नाथान संदेष्टा दरबारात येतो, पण राजाला उपदेश करत नाही. तो एक गोष्ट सांगतो: गरिबाचे एकुलते एक कोकरू श्रीमंताने हिसकावून घेतल्याची. गोष्ट ऐकून दावीद संतापतो, त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा फर्मावतो, आणि मग नाथान त्याच्याकडेच बोट दाखवतो. कल्पित गोष्टीने जे साधले ते दहा प्रवचनांनी साधले नसते. तेव्हा कादंबरी पारखायची आमची कसोटी ही अशी आहे. पाप किती पानांवर आहे, हे आम्ही मोजणार नाही. पुस्तक मिटताना बोट कोणाकडे वळते, ते पाहू. या कसोटीवर आमची मते भीडभाड न ठेवता देतो.

आधी अर्नाळकर. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि मराठी मुलांच्या काही पिढ्यांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली. आज पुन्हा वाचताना जाणवते की त्यांच्या कथांत प्रेत पडते, पण कुणाचा बाप मेला असे वाटत नाही. खून हे एक कोडे असते. सुटले की संपले. बोट वाचकाकडे वळत नाही, तसेच वाकड्या वाटेलाही लावत नाही. प्रवासात चणे खावेत तशी ही पुस्तके. चण्यांना विष म्हणू नये आणि जेवणही समजू नये.

१९०८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'मिल्स अँड बून' या प्रकाशनाच्या सहा प्रेमकथा आम्ही वाचल्या. पात्रांची नावे पुसली तर सहांची एकच होईल. देखणा, श्रीमंत, तुसडा पुरुष. मानी, निराधार मुलगी. दोनशे पानांचा गैरसमज आणि शेवटी अंगठी. यातील चुंबनांनी आम्ही हादरलो नाही. आम्हाला खटकले ते असत्य. प्रेमाच्या आड येतो तो केवळ गैरसमज, आणि तो फिटला की सारे सुरळीत, असे ही पुस्तके शिकवतात. विवाहपूर्व शिबिरात हात हातात घेऊन बसलेली आणि तीन वर्षांनी आमच्या खोलीत पाठीला पाठ लावून बसलेली जोडपी आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यात गैरसमज नव्हता. एकमेकांना ती पुरती ओळखून चुकली होती. पुढे प्रेम कसे करायचे हे कुणी शिकवले नव्हते. सासूचे आजारपण, घराचे हप्ते, दारू, मूल न होण्याचे दुःख या पानांत कुठेच नाही. आमच्या मुली ही पुस्तके वाचतात म्हणून बिघडत नाहीत. बिघडलेच तर, याच पुस्तकांवर थांबल्यामुळे बिघडेल.

डॅन ब्राऊन यांच्या 'द दा विंची कोड'विषयी (२००३) आमचे मत कडक आहे, पण कारण वेगळे आहे. ही कादंबरी आरंभीच एका पानावर 'वस्तुस्थिती' म्हणून सांगते की 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना १०९९ साली स्थापन झाली. वास्तविक त्या नावाची संस्था फ्रान्समध्ये १९५६ साली निघाली, आणि तिची प्राचीन परंपरा सिद्ध करणारे कागद बनावट होते. सन ३२५ च्या नायसिया परिषदेत प्रभू येशूचे देवत्व निसटत्या मताधिक्याने ठरले, असे कादंबरीतील एक विद्वान सांगतो. प्रत्यक्षात तेथील श्रद्धासूत्रावर सही करण्यास अखेरपर्यंत नकार देणारे बिशप दोनच होते. कादंबरीकाराने कल्पना करावी, तो त्याचा अधिकार आहे. पण कल्पनेवर वस्तुस्थितीचा शिक्का मारू नये. शिवाय येथे बोट सदैव दुसऱ्याकडेच रोखलेले असते: कुणीतरी, कुठेतरी, आपल्यापासून काहीतरी लपवत आहे! वाचकाला स्वतःकडे पाहण्याची गरजच उरत नाही. तरीही २००६ साली चित्रपट आला तेव्हा आपण काय केले? मुंबईत निदर्शने झाली, गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली, आणि ज्यांनी आयुष्यात कादंबरी उघडली नव्हती तेही ती शोधू लागले. त्याऐवजी नायसियाचा इतिहास धर्मग्रामात नीट शिकवला असता तर अधिक लाभ झाला असता. त्या चुकीत आम्हीही सामील होतो.

कॉलीन मॅक्कलो यांची 'द थॉर्न बर्ड्‌स' (१९७७) ही कादंबरी निवेदनात नावानिशी नमूद आहे, कारण तिचा नायक कॅथलिक धर्मगुरू असून तो एका स्त्रीच्या प्रेमात पडतो. आम्ही ती संकोचाने उघडली आणि अस्वस्थ होऊन मिटली. फादर राल्फ यांचे मोठे पतन मेगीच्या संगतीत घडते, असे लोक समजतात. आमच्या वाचनाप्रमाणे ते आधीच घडलेले असते. एक धनाढ्य वृद्धा आपली १ कोटी ३० लाख पौंडांची संपत्ती राल्फच्या हाती राहील अशा अटीवर चर्चला ठेवते. मेगीच्या कुटुंबावर अन्याय होणार हे ठाऊक असूनही तो ते मृत्युपत्र पुढे करतो, आणि त्या पैशांच्या पायऱ्यांवरून कार्डिनलपदापर्यंत चढतो. यूदाच्या तीस नाण्यांचा खणखणाट आम्हाला ऐकू आला. ब्रह्मचर्यभंगाची कुजबूज सारा गाव करतो; बढतीच्या मोहाची कुजबूज कुणी करत नाही. येथे बोट आमच्याकडे वळले, हे कबूल करतो. कादंबरी पसरट आहे, भावुक आहे. पण खोटी नाही.

डॅफ्ने द्यू मोरिए यांची 'रेबेका' (१९३८) ही प्रेमकथाही आहे आणि रहस्यकथाही. १९६४ सालचा 'कोहरा' हा हिंदी चित्रपट याच कथानकावर बेतलेला, हे जुन्या पिढीला आठवेल. नवरा आपल्या तरुण पत्नीपाशी कबूल करतो की पहिल्या पत्नीला, रेबेकाला, त्यानेच मारले. ते ऐकून या मुलीला आनंद होतो, कारण रेबेकावर त्याचे प्रेम नव्हते! आणि वाचक? रात्री एक वाजता, जपमाळ उशाशी ठेवून, हा खुनी सुटावा म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो होतो. पुस्तक मिटल्यावर स्वतःचीच लाज वाटली. आता गंमत पाहा. १९४० साली हिचकॉक यांनी चित्रपट केला, तेव्हा अमेरिकेतील चित्रपटांच्या नीतिनियमांत पत्नीच्या खुन्याला शिक्षेविना सोडता येत नव्हते. म्हणून खुनाचा अपघात केला गेला. नायक निर्दोष झाला आणि प्रेक्षकही निर्दोष झाला. नीतीच्या रखवालदारांनी कथेतील नीतीच काढून टाकली!

ग्रॅहम ग्रीन यांच्या 'ब्रायटन रॉक'चे (१९३८) असेच झाले. सतरा वर्षांचा गुंड पिंकी, रोझ या भाबड्या मुलीने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून तिच्याशी लग्न करतो. दोघेही कॅथलिक, नरकावर दोघांचाही विश्वास आहे. ती हट्ट धरते म्हणून तो तिच्यासाठी ध्वनिमुद्रिकेत आपला आवाज भरतो, पण प्रेमाऐवजी द्वेष ओकतो. त्याच्या मृत्यूनंतर रोझ एका वृद्ध धर्मगुरूपाशी पापनिवेदनाला जाते, थोडी आशा घेऊन बाहेर पडते आणि ती मुद्रिका ऐकायला घराकडे चालू लागते. येथे कादंबरी संपते. १९४७ च्या चित्रपटात मुद्रिका नेमकी अडकते आणि रोझला केवळ गोड शब्द ऐकू येतात. प्रेक्षक सुखाने घरी गेले असतील. आम्हाला मात्र पुस्तकातल्या रोझने झोपू दिले नाही. आमच्याकडे पापनिवेदन करून, चार शब्द ऐकून, अशाच घराकडे चालत गेलेल्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारले होते का?

कुणी म्हणेल, फादर स्वतःच्या हौसेला धर्माचे पांघरूण घालीत आहेत. म्हणून इतिहासाचा दाखला देतो. १५५९ पासून रोममध्ये निषिद्ध ग्रंथांची सूची होती. बाल्झाक व ड्यूमा यांच्या समस्त प्रेमकथा तिच्यात एका ओळीत घातल्या होत्या. १९६६ साली ख्रिस्तसभेनेच ती सूची मोडीत काढली. ग्रीन यांच्या 'द पॉवर अँड द ग्लोरी' या कादंबरीवर १९५० च्या दशकात रोमहून ठपका आला, कारण तिच्यातील धर्मगुरू मद्यपी आणि एका मुलीचा बाप आहे. पुढे १९६५ साली ग्रीन पोप सहावे पॉल यांना भेटले, तेव्हा पोपमहोदयांनी ती कादंबरी वाचली होती, आणि अशा आक्षेपांकडे लक्ष देऊ नका, असे त्यांनी लेखकाला सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनावर एक संपूर्ण पत्र लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरते योजले होते. नंतर त्यांनी ते सर्व श्रद्धावंतांना उद्देशून केले. तरुणपणी ते स्वतः शाळेत साहित्य शिकवीत असत.

आता निवेदनकर्त्यांना एक प्रश्न. कपाटाला कुलूप लावले तरी मुलांच्या खिशातल्या मोबाईलला कोणते कुलूप लावणार? तेथे जे दिसते त्याच्यापुढे आमच्या कपाटातील कादंबऱ्या म्हणजे नोव्हेनाची पुस्तके होत! आणि मूल रात्री जागून वाचते ही तक्रार करताना, ते काय वाचते हे आपण जेवताना कधी विचारले का? 'तू त्या जागी असतीस तर काय केले असतेस?' एवढा एक प्रश्न मुलीला विचारण्यासाठी आईबापांनीही ते पुस्तक वाचलेले असावे लागते. कुलूप लावणे सोपे आहे. सोबत वाचणे कष्टाचे आहे.

सर्वच पुस्तके सर्वांनी वाचावीत, असे आम्ही म्हणत नाही. 'ब्रायटन रॉक' सातवीतल्या मुलाच्या हाती देऊ नये, हे आम्हालाही कळते. वाचनालय सांभाळणाऱ्या भगिनींना वयाचे भान राखण्यास सांगितले आहे. पण कॉलेजात जाणाऱ्या, उद्या मतदान करणाऱ्या, परवा लग्न करणाऱ्या मुलामुलींना आपण किती काळ लहान समजणार?

किल्ली वाचनालयाच्या दारामागील खिळ्यावर, सर्वांच्या हाताला लागेल अशी टांगली आहे. सह्या करणाऱ्या सातही बंधूंसाठी आम्ही सात पुस्तके काढून ठेवली आहेत. नाताळपूर्वी ती वाचावीत आणि एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्याकडे चहाला यावे. त्यानंतरही कुलूप हवेच असे वाटले तर खुशाल भांडावे. त्या दिवशीचे भांडण निदान वाचलेल्या पुस्तकांवरचे असेल. पंचवीस वर्षांपूर्वी सॅक्रिस्टीच्या दारातून आम्ही जिला परत पाठवले, तिचे एवढे देणे आमच्यावर आहे.