जिल्ह्यांच्या फुटबॉललाही आखाडा हवा

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या देशाची लोकसंख्या आज पावणेचार ते चार लाखांच्या दरम्यान आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या दौंड तालुक्याची लोकसंख्या तीन लाख ऐंशी हजारांच्या घरात भरली होती. म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरची यवत, कासुर्डी, केडगाव ही गावे आणि दौंडचे जंक्शन मिळून जेवढी माणसे राहतात, तेवढ्याच माणसांच्या देशाने जून २०१६ मध्ये युरोपीय स्पर्धेत इंग्लंडला २-१ असे हरविले. पुढे २०१८ साली तो विश्वचषकाच्या अंतिम फेऱ्यांत उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने अर्जेंटिनाला बरोबरीत रोखले. या तुलनेने कोणी हिरमुसून जाण्याचे कारण नाही. तालुका हा देश नव्हे, आणि दौंडचे दरडोई उत्पन्न आइसलँडच्या जवळपासही नाही. तथापि खेळाची उभारणी लोकसंख्येवर अवलंबून नसते एवढे तरी या आकड्यांवरून मान्य व्हावे.

आइसलँडच्या यशाची चर्चा करताना बंदिस्त मैदाने आणि शिकवून तयार केलेले प्रशिक्षक यांचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. वर्षातले अनेक महिने बर्फ असलेल्या देशाला २००० सालानंतर उभारलेल्या त्या मैदानांचा उपयोग झाला नसता तरच नवल. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९६० साली, त्या देशाने एक साधी गोष्ट सुरू केली होती. ती म्हणजे देशभरच्या क्लबांसाठी बाद पद्धतीची खुली चषक स्पर्धा. खालच्या श्रेणींचे क्लब आरंभीच्या फेऱ्या खेळतात, वरच्या श्रेणीचे क्लब मागाहून उतरतात, आणि मग सोडतीत ज्याच्या वाट्याला जो येईल त्याच्याशी त्याने खेळायचे. २०२५ सालचा हा चषक वेस्त्री नावाच्या क्लबाने जिंकला. या क्लबाचे गाव इसाफ्योर्दुर राजधानीपासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर, देशाच्या वायव्य टोकाला आहे. तेथील वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी गावाएवढी. अंतिम सामन्यात त्यांनी राजधानीतील वालुर या नामांकित क्लबाला १-० असे हरविले. गंमत अशी की, त्याच वर्षी हाच क्लब साखळी स्पर्धेत तळाशी राहून खालच्या श्रेणीत ढकलला गेला.

बाद पद्धतीच्या विरोधकांना या उदाहरणात आपल्याच म्हणण्याला पुष्टी मिळाल्यासारखे वाटेल. जो संघ वर्षभरात तळाशी राहतो तोच चषक जिंकतो, तर ही गुणवत्तेची कसोटी कसली, ही तर लॉटरीच, असे ते म्हणतील. माझे म्हणणे असे की, दुर्बळाला जिंकण्याची थोडी तरी शक्यता ठेवणारी व्यवस्था हवी असेल, तर नशिबाचा काही अंश त्यात असावाच लागेल. साखळीत पैसा अखेर बोलतो. तीस-चाळीस सामन्यांत ज्याच्याकडे राखीव खेळाडू अधिक तो वर राहतो. नव्वद मिनिटांच्या एकाच सामन्यात मात्र चिकाटी, घरचे मैदान आणि एखादा चेंडू खांबाला लागून आत जाणे यांनाही किंमत असते. प्रेक्षक येतो तो या अनिश्चिततेपायी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुना विचार आठवतो. वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली क्रीडाव्यवसायाच्या चमत्कारिक अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. साबणाच्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी नाहीसा झालेला हवा असतो. मुष्टियोद्ध्याला मात्र प्रतिस्पर्धी तगडा हवा असतो, कारण त्याच्यावाचून लढतच होत नाही आणि तिकिटेही खपत नाहीत, असे त्याचे प्रतिपादन होते. हा सिद्धान्त आपल्या गावच्या यात्रा कमिटीला कोणी शिकविलेला नाही, पण तो तिला पुरता ठाऊक आहे. आखाड्यात ‘जोड’ लावणे हे पंचाचे पहिले काम. बरोबरीची जोड लागली नाही तर लाखाचे इनाम ठेवूनही माणसे उठून जातात. नीलने ज्याला संयुक्त उत्पादन म्हटले ते हेच.

चैत्र-वैशाखात शिरूर-दौंड भागातील कोणत्याही यात्रेत जाऊन पाहावे. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, मग शंभर-दोनशेच्या, मग हजारांच्या, आणि दिवस मावळताना शेवटची मोठी कुस्ती. पोरगा कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा, त्याच्यामागे कोण, हे विचारून त्याला कोणी परत पाठवीत नाही. खर्च गावच्या वर्गणीतून निघतो आणि बहुतेक गावांत हिशेब देवळाच्या पारावर वाचून दाखवला जातो. कुस्तीचे राज्यस्तरीय संघटनही याच मातीतून वर गेले आहे. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत मल्ल जिल्ह्याच्या निवडचाचणीतून येतो. त्यामुळे तालुक्याच्या मल्लाला राज्याच्या गदेपर्यंतची वाट निदान दिसते तरी.

फुटबॉलमध्ये ही वाट नाही. वास्तविक या खेळाची चषकपरंपरा महाराष्ट्राला नवखी नव्हे. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. आरंभी तो गोऱ्या पलटणींचा खेळ होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच त्यावर हिंदी संघाचे नाव कोरले गेले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी कूपरेजवर तो जिंकून दाखविला. शतकाहून अधिक काळ चाललेली ही स्पर्धा या शतकाच्या प्रारंभी बंद पडली. राष्ट्रीय पातळीवर १९७७ साली फेडरेशन चषक सुरू झाला होता, तो २०१७ नंतर संपला आणि २०१८ पासून सुपर कप आला. सुपर कपात वरच्या व्यावसायिक लीगमधील क्लबांनाच स्थान आहे. १९४१ पासूनची संतोष करंडक स्पर्धा तर राज्यांच्या संघांची. तिच्यात निवड समितीची नजर पोहोचेल तेथवरचा खेळाडू जातो, क्लब म्हणून कोणाला प्रवेश नाही. तेव्हा सांगली, जळगाव किंवा दौंड येथील एखाद्या क्लबाने केवळ सामने जिंकत जिंकत राज्यातील मोठ्या संघापुढे उभे राहावे, अशी एकही स्पर्धा आज नाही.

याउलट वरचा मजला केवढ्या खर्चाने बांधला गेला आणि तो कसा टिकला, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २००७ ते २०१९ या बारा वर्षांत पुण्यात पुणे एफ. सी., डी. एस. के. शिवाजीयन्स आणि एफ. सी. पुणे सिटी हे तीन व्यावसायिक क्लब राष्ट्रीय स्तरावर खेळले. आज त्यांपैकी एकही उरलेला नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने फेडरेशन चषक दोनदा आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० साली तो संघही बंद झाला. यात कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे प्रयोजन नाही. ज्याचे भांडवल त्याने ते काढून घेतले, एवढेच. कंपनीच्या ताळेबंदात क्लब हा प्रसिद्धीच्या खात्यावरचा खर्च असतो आणि मंदीत कात्री प्रथम त्याच खात्याला लागते. देशातील सर्वोच्च लीगही एका व्यापारी करारावर किती अवलंबून आहे हे जुलै २०२५ मध्ये दिसून आले. कराराच्या नूतनीकरणाचा प्रश्न सुटेना, म्हणून त्या लीगचा पुढचा हंगामच तहकूब करण्याची वेळ आली.

आणि कोल्हापूर? पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे कोणत्याही कंपनीची नाहीत. ती पेठांची नावे आहेत. जी तालीम गणपती बसविते, जिच्या हौदात पहाटे जोर-बैठका चालत, तिनेच फुटबॉलचा संघ काढला. खेळाडू गल्लीतला, प्रेक्षक गल्लीतला, आणि पराभवाची चर्चा चहाच्या टपरीवर आठवडाभर. शाहू स्टेडियमवर हजारो माणसे तिकीट काढून जातात ती घरचा माणूस खेळतो म्हणून. अनिकेत जाधव हा याच शहरातला मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जाऊन २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मालक नसल्यामुळे ही मंडळे कोणी बंद करू शकत नाही. सहकारावर व्याख्याने देणाऱ्या आपल्या राज्यात या गोष्टीचा अभ्यास कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

परंतु कोल्हापूरचीही एक कोंडी आहे. तेथे स्पर्धा पुष्कळ, चषकही निरनिराळ्या नावांचे, पण बहुधा तेच संघ पुन्हा पुन्हा एकमेकांशी खेळतात. बाजारपेठ बंदिस्त राहिली की गुणवत्ता एका पातळीवर येऊन थांबते. शिवाय तीच तीच ईर्षा साचून कधी कधी मैदानाबाहेर हुल्लडीच्या रूपाने फुटते. या संघांना मुंबईचा संघ आपल्या मैदानावर यावा, आपण नागपूरला जावे, असे वाटत असणारच. जोड बाहेरची हवी आहे आणि ती लावणारा पंच नाही, अशी ही स्थिती आहे.

म्हणून राज्याने, अर्थात राज्याच्या फुटबॉल संघटनेने, जिल्ह्यांच्या क्लबांसाठी बाद पद्धतीचा एक खुला चषक सुरू करावा अशी माझी सूचना आहे. पैशाचा प्रश्न लगेच पुढे येईल, तेव्हा हिशेब करून पाहू. चौसष्ट क्लबांची एकेरी साखळी घ्यायची झाल्यास दोन हजार सोळा सामने खेळवावे लागतील. त्याच चौसष्ट क्लबांची बाद स्पर्धा त्रेसष्ट सामन्यांत आटोपते. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या बत्तीस क्लबांना फार तर एका प्रवासाचा खर्च येतो आणि तोही सोडत विभागवार काढली तर एस. टी.च्या एका फेरीत भागतो. जिंकणाऱ्याला सहा सामने खेळावे लागतात. गरीब संघटनेला राज्यव्यापी स्पर्धा घेण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी ठाऊक नाही. इंग्लंडातही १८७१ साली पंधरा क्लबांनी नावे दिली आणि चषक सुरू झाला. तेथील लीग निघाली १८८८ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनंतर. आधी चषक आणि मग लीग हाच तेथला क्रम होता, आपण मात्र कळसापासून आरंभ केला.

एकच सामना खेळून घरी जाणाऱ्या संघाचे काय, हा आक्षेप खरा आहे. वर्षभर सराव करून नव्वद मिनिटांत सारे संपत असेल तर मुले टिकणार नाहीत. तेव्हा चषक हा जिल्हा साखळीला पर्याय होऊ शकत नाही. जिल्ह्यातील साखळी खेळलेल्या क्लबालाच चषकात प्रवेश द्यावा, म्हणजे चषकाच्या ओढीने साखळ्याही जिवंत होतील. ज्या जिल्ह्यांत चारही संघ नाहीत तेथे हे एकदम घडणार नाही हे उघड आहे. पहिली काही वर्षे स्पर्धा अपुरीच राहील.

दुसरा आक्षेप आमच्या भागातूनच येतो. येथे कुस्ती आहे, कबड्डी आहे, फुटबॉल कोण पाहणार? उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या या पट्ट्यात पोरे संध्याकाळी काय खेळतात हे मी पाहतो. टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात आणि कोणा पुढाऱ्याच्या नावाच्या चषकासाठी खेळतात. निवडणूक जवळ आली की बक्षिसाची रक्कम वाढते, निवडणूक सरली की चषकही सरतो. त्या स्पर्धांवर होणारा खर्च पाहिला तर पैसा नाही ही सबब टिकत नाही. पैसा आहे, परंतु तो ज्यावर खर्च होतो ते पुढच्या वर्षी उरत नाही. कुरकुंभ आणि रांजणगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी मुले बाहेरगावची आहेत, त्यांत फुटबॉल खेळत आलेलीही असतीलच. दौंडला रेल्वेची वसाहत आहे, राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. संघ काढायला माणसे नाहीत असे म्हणण्यापूर्वी एकदा नोंदणी तरी उघडावी.

नियमांपैकी दोनच गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. सामना खालच्या श्रेणीच्या क्लबाच्या मैदानावर व्हावा आणि तिकिटांचे उत्पन्न दोन्ही संघांत निम्मे-निम्मे वाटले जावे. मुंबईचा एखादा नामवंत संघ तालुक्याच्या गावी एकदा येऊन खेळून गेला, तर त्या एका दुपारच्या उत्पन्नावर तेथल्या क्लबाचे वर्षभराचे चेंडू आणि बूट निघतील. मोठ्या क्लबांचा याला विरोध होईल. मैदान ओबडधोबड आहे, खेळाडू जायबंदी होतील, असे सांगितले जाईल. त्यावर मैदाने नीट करणे हाच उपाय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांची पटांगणे आणि तालुका क्रीडा संकुले सरकारने बांधून ठेवली आहेत, त्यांतील काहींच्या फाटकांना बाराही महिने कुलूप असते.

राहता राहिला पंचांचा प्रश्न, आणि व्यवहारात तोच सर्वांत अवघड ठरेल. परीक्षा उत्तीर्ण झालेले पंच मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा मोठ्या शहरांतच प्रामुख्याने आढळतात. पहिली फेरी नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर घ्यायची असेल, तर प्रत्येक जिल्ह्यातून निदान चार-सहा जणांना जूनपूर्वी शिकवून तयार करावे लागेल. शाळांतील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक यासाठी मिळू शकतील. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांची शिबिरे भरवण्यास शिक्षण खात्याची संमती मिळवणे हे संघटनेचे पहिले काम राहील.