आलिशान एसयूव्हीची करसवलत अन् बेंबळीचा ट्रॅक्टर

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरील जीएसटी उपकरासह ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. त्यामुळे करासह एक कोटी रुपयांची नवी गाडी साडेसहा लाखांहून अधिक स्वस्त झाली. ट्रॅक्टरवरील करही १२ वरून ५ टक्क्यांवर उतरला. पण बेंबळीच्या शेतकऱ्याने नऊ लाखांचा ट्रॅक्टर घेतला, तर वाचतात जेमतेम छप्पन्न हजार. चिखलवाटांवर खरी गरज मात्र त्याचीच. योगायोग असा, की त्याच सुमारास धाराशिव जिल्ह्यात पुराने शेते खरवडून नेली होती.

जुन्या आलिशान गाडीला ही सवलत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी कायम आहे. तरीही नवी गाडी स्वस्त झाल्याने जुनीचा भाव घासाघीस करून पाडण्यास ग्राहकाला आता वाव आहे.