राऊटर बसवण्याआधी वहीत काय लिहाल?



लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव झाला, वजन झाले, की शेतकरी हिशोबपट्टी हातात घेतल्याशिवाय निघत नाही. नुसत्या शब्दावर तेथे कोणी विसंबत नाही. घरात इंटरनेट घेताना मात्र आपण पैसे भरतो आणि कागद मागायचा विसरतो. सगळी माहिती कनेक्शन जोडणाऱ्याकडेच राहते. पुढे राऊटर बिघडतो, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाची मुदत संपत येते आणि तो माणूस फोन उचलत नाही. अशा वेळी नवा राऊटर आणूनही उपयोग होत नाही.

म्हणून कनेक्शन सुरळीत चालू असतानाच पुढील गोष्टी विचारून वहीत लिहाव्यात.

१) ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाईल नंबर व तक्रारीचा नंबर.

२) कनेक्शनचा प्रकार. पीपीपीओई असेल तर कंपनीने दिलेले युजरनेम व पासवर्ड लागतात. डायनॅमिक असेल तर आकडे आपोआप मिळतात. स्टॅटिक असेल तर आयपी, सबनेट मास्क, गेटवे व डीएनएस हे चारही लिहून घ्यावेत.

३) व्हीलॅन क्रमांक लागतो का? लागत असेल तर कोणता?

४) जुन्या राऊटरचा मॅक पत्ता कंपनीकडे नोंदवलेला आहे का? असल्यास नव्या राऊटरचा पत्ता कळवावा लागतो. बारा अक्षर-अंकांचा हा पत्ता राऊटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

त्याच चिठ्ठीवर बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा आकडाही असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे घरातल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे तोच आकडा लासलगावात आणि नागपुरातही सापडतो. जसा खोली नंबर १ प्रत्येक चाळीत असतो, तसेच हे. राऊटरला जोडलेल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये हा आकडा टाकला की सेटिंगचे पान उघडते.

पासवर्ड तीन असतात, त्यांची गल्लत करू नये. पहिला कंपनीचा, दुसरा सेटिंगच्या पानाचा, तिसरा वायफायचा. शेजाऱ्याला द्यायचा झाला तर फक्त तिसरा. दुसरा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही माहिती हाती नसताना जुन्या राऊटरचे रिसेट बटण दाबू नये. आत साठवलेले युजरनेम व पासवर्ड पुसले जातात. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल, तर दोष तारेत आहे. तेथे सेटिंग बदलून काही होत नाही, तक्रारच करावी.

"तुम्हाला काय करायचंय, मी आहे ना," असे कोणी म्हटले, तरी नम्रपणे पण ठामपणे माहिती मागावी. पैसे आपण भरतो, कनेक्शन आपल्या नावावर आहे. वही घरातल्या शिकत्या मुलीच्या हाती द्यावी आणि आईनेही ती एकदा वाचून, समजून घ्यावी.