आरोग्यचर्चा : हृदयाच्या घडणींतील दोष

जुहूच्या कबरस्तानांत १९६९ च्या फेब्रुवारींत जिचें दफन झालें, त्या मधुबालेची कबर आज तेथें शोधून सांपडावयाची नाहीं. नव्या दफनांस जागा हवी म्हणून २०१० सालीं जुन्या कबरी मोडण्यांत आल्या. मृत्युसमयीं तिचें वय अवघें ३६ होतें. इतक्या तरुणपणीं कोणी गेलें म्हणजे ‘हार्ट अटॅक आला’ असें आपण सरसकट बोलून मोकळे होतों. तिच्या दुखण्याचें मूळ मात्र निराळें होतें.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास तिला जन्मतःच छिद्र होतें. १९५४ सालीं मद्रासेस चित्रीकरण चालू असतां रक्ताची उलटी झाली, तेव्हां तें उघडकीस आलें. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं मार्चमध्यें अमेरिकेंत मिनेसोटा येथें डॉ. लिलेहाय यांनीं एका बालकाचें असेंच छिद्र हृदय उघडून शिवलें. शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत पित्याच्या शरीरांतून मुलाचें रक्त फिरविलें होतें! तें मूल पुढें दगावलें, परंतु वाट खुली झाली. मधुबालेला पुढें लंडनला नेलें, तेथें डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेस नकार दिला. लहान छिद्रें बहुधा आपोआप बुजतात; मोठ्या छिद्रांतून मात्र वर्षानुवर्षें जादा रक्त फुप्फुसांत शिरून तेथील रक्तवाहिन्या ताठर होतात, आणि एकदां तसें झालें म्हणजे छिद्र बंद करणेंच घातक ठरतें.

खरा हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटणें. तोही जन्मजात दोषानें येऊं शकतो, आणि तान्ह्या बाळासही! क्वचित् हृदयाची डावी रोहिणी महारोहिणीऐवजीं फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीपासून निघते. जन्मानंतर तेथील दाब उतरला कीं स्नायूची उपासमार सुरू होते. दोनतीन महिन्यांचें मूल अंगावर पितांना घामाघूम होतें, मध्येंच थांबून कळवळून रडतें. घरांत कोणी पोटदुखी म्हणतें, कोणी मीठमोहऱ्या ओवाळतें. ‘याला पितांना धाप लागते’ हें सुनेचें बोलणें तेवढें कोणी मनावर घेत नाहीं. मीठमोहऱ्यांशीं आमचें भांडण नाहीं. त्या ओवाळून झाल्या कीं त्याच दिवशीं मूल डॉक्टरांस दाखवावें, इतकेंच. ईसीजी व ध्वनिलहरींची ‘एको’ तपासणी यांवरून हा दोष बहुधा कळतो. मग ती रोहिणी महारोहिणीस जोडून देतात, आणि वेळीं जोडली तर थकलेला स्नायू पुष्कळदां कांहीं महिन्यांत पूर्ववत् चालूं लागतो.