'इतर' या रकान्यातली माणसे

नाशिकच्या घरात इराणी म्हटले की चहा आणि मस्कापाव आठवतो. गल्ल्यावरच्या माणसाचा धर्म आपण कधी विचारला? यज्दहून मुंबई-पुण्यात आलेल्या इराण्यांत झरथुष्ट्रींबरोबर बहाईही होते.

त्यांच्या मायदेशात राज्यघटनेचे १३ वे कलम झरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिश्चन यांनाच अल्पसंख्य मानते. बहाई हा तेथील सर्वांत मोठा बिगरमुस्लिम समाज; कायद्याच्या लेखी मात्र तो नाहीच. क्रांतीनंतर विद्यापीठांची दारे मिटली, १९८३ मध्ये संस्थांवर बंदी आली. ओळखपत्राच्या अर्जात 'इतर धर्म' एवढा आडोसा उरला होता. २०२० मध्ये तोही गेला. खोटे लिहा, नाहीतर ओळखपत्राविना राहा. आणि ओळखपत्र नाही म्हणजे बँकेचे काम नाही, पासपोर्ट नाही.

आपल्याकडे असा जाच नाही, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पाचगणीत त्यांची न्यू इरा शाळा १९४५ मध्ये निघाली, दिल्लीचे कमळमंदिर १९८६ मध्ये खुले झाले. पण 'इतर' येथेही आहेच. १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेत पाच अल्पसंख्य समाज आले. जैनांची भर पडली २०१४ मध्ये; बाळ पाटील यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्यानंतर नऊ वर्षांनी! बहाई यादीत नाहीत. केंद्राची अल्पसंख्याकांसाठीची शिष्यवृत्ती त्यांच्या मुलांसाठी नाही.

संख्या थोडी, असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत बहाई ४,५७२ भरले. समाज स्वतः वीस लाखांच्या आसपास सांगतो. एवढी तफावत का, हे समाजानेही नीट सांगायला हवे. पण पारशी तरी कुठे लाखात आहेत? त्याच जनगणनेत ते ५७,२६४ होते, आणि त्यांना यादीतून वगळा असे कोणी म्हणत नाही.