निजामाचं विमान कोणतं, ते नीट दाखवा

मराठवाडा मुक्तिसंग्रामावरचं एक प्रदर्शन मी पाहिलं. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ साली कराचीहून निजामासाठी शस्त्रं आणली, हा मजकूर बरोबर होता. वर चित्र मात्र डाकोटाचं. कॉटनची विमानं लँकास्ट्रियन होती, चार इंजिनांची, डाकोटाला दोनच. लातूरच्या पोरांना आयुष्यभर इंजिनं शिकवली, मला हे खपत नाही.

पंख्याच्या मधोमध बघितलं तरी फरक कळतो. लँकास्ट्रियन हे लँकेस्टर या बॉम्बरचंच प्रवासी रूप. त्याच्या मर्लिन इंजिनात बारा सिलिंडर दोन ओळींत, थंड व्हायचे ते द्रवावर. रेडिएटर खाली, त्यामुळे इंजिनाचं तोंड निमुळतं ठेवता आलं आणि पंख्यावर टोकदार टोपी बसली, तोच स्पिनर. डाकोटाचं इंजिन हवेवर थंड होतं. सिलिंडर गोलाकार मांडलेले, त्यांच्यावर बुलेटच्या इंजिनावर असतात तसे फिन्स. समोरून येणारी हवा थेट त्यांच्यावर जायला हवी, म्हणून तोंड रुंद आणि उघडं. टोपी बहुधा नसतेच. पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेचा घुमट तेवढा दिसतो.

डाकोटाच्या घराण्यातही इंजिनं वेगवेगळी. १९३५ साली पहिलं डीसी-थ्री उडालं ते नऊ सिलिंडरच्या राइट सायक्लोनवर. युद्धकाळातल्या डाकोटांना प्रॅट अँड व्हिटनीचं चौदा सिलिंडरचं ट्विन वास्प, बाराशे अश्वशक्तीचं. युद्ध संपल्यावर भारतातल्या कंपन्यांनी घेतली ती मुख्यतः हीच.

त्यातली एक कंपनी आपल्या हैदराबाद संस्थानाची होती. निजामाची रेल्वे आणि टाटा यांनी मिळून काढलेली डेक्कन एअरवेज. भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक प्रेम माथुर यांना नोकरी दिली ती हिनेच. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानातच होतं, तरी ही कंपनी आपल्या मुलांना माहीत नाही. १९५३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि नावही पुसलं गेलं. पुढे २०१७ साली उडान योजनेत नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, तीही पंख्याच्याच विमानाने: सहा पात्यांचं एटीआर, मधे गुळगुळीत स्पिनर, आत प्रॅट अँड व्हिटनीचं टर्बोप्रॉप. पिस्टन गेले, टर्बाइन आलं, हा सगळा धडा आपल्याच धावपट्टीवर उभा होता.

ओडिशाने माजी मुख्यमंत्री बिजू पटनायकांच्या कंपनीचं डाकोटा जानेवारी २०२३ मध्ये कोलकात्याहून सुटं करून, रस्त्याने भुवनेश्वरला नेलं. आपण अख्खं विमान मागत नाही. नांदेड किंवा लातूरच्या विमानतळावर एक ट्विन वास्प ठेवा, आवरण काढून, पोरांना चौदाही सिलिंडर मोजता येतील असं. शेजारी लँकास्ट्रियनचं अचूक मॉडेल आणि डेक्कन एअरवेजची माहिती. या कामाला वेळ लागेल, हे समजू शकतो. पण येत्या सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, चित्र तरी योग्य विमानाचं लावा; त्यासाठी कुठल्या निधीची वाट बघायला नको.